परदेशात इंटरनॅशनल शाळा निवडताना: ठाणे-नवी मुंबईहून निघणाऱ्या पालकांसाठी

ऑनसाइटचं, म्हणजे कंपनी कामासाठी परदेशी पाठवत असल्याचं पत्र हातात पडतं तेव्हा रुजू व्हायला बऱ्याचदा दोन महिनेही उरलेले नसतात. त्या गडबडीत आधी घर बघितलं जातं, मग घराजवळची शाळा. मूल कुठल्या बोर्डात गेलं याचा अर्थ दोन-तीन वर्षांनी, परत यायच्या वेळी उमगतो. हा क्रम उलटा करायला हवा. परत कधी येणार ते आधी ठरवा, त्यावरून बोर्ड, मग इयत्ता, मग शाळा, मग फी. घर सगळ्यात शेवटी.

परत यायचं वर्ष आधी लिहून काढा

कंपनी 'दोन वर्षं' म्हणाली असेल तर एक, दोन आणि चार अशी तिन्ही वर्षं धरून मूल तेव्हा कितवीत असेल ते कागदावर मांडा. आठवीपर्यंत कुठूनही कुठेही गेलं तरी सहसा निभावतं. खरी अडचण नववीपासून सुरू होते.

सीबीएसईत नववी-दहावी हा दोन वर्षांचा एकच अभ्यासक्रम धरला जातो आणि अकरावी-बारावीचंही तसंच. त्यामुळे परदेशात वेगळ्या बोर्डाची नववी करून इथे थेट सीबीएसईच्या दहावीत सहज बसता येईलच असं नाही. केंब्रिजचा आयजीसीएसई (दहावीच्या तोडीचा) साधारण दोन वर्षांचा आणि इंटरनॅशनल बॅकलॉरिएटचा, म्हणजे आयबीचा डिप्लोमाही (बारावीच्या तोडीचा) दोन वर्षांचा. मधूनच बाहेर पडलं तर वर्ष वाया जाण्याची दाट शक्यता. हलवायचंच असेल तर नववी सुरू होताना किंवा दहावी झाल्यावर. प्रोजेक्ट त्याआधी किंवा नंतर संपण्याची चिन्हं असतील, तर कुटुंबाने काही महिने दोन ठिकाणी राहणंही परवडतं.

दहावी करून परत येणाऱ्यांसाठी एक तारखांचा पेच आहे. केंब्रिजच्या मे-जूनच्या परीक्षेचा निकाल ऑगस्टमध्ये लागतो. आपल्याकडची अकरावीची ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया मे-जूनमध्येच सुरू होते, म्हणजे ठाण्या-मुंबईतल्या चांगल्या कॉलेजांच्या पहिल्या फेऱ्या तोवर होऊन गेलेल्या असतात. भारतातल्या केंब्रिज शाळांना मार्चमध्ये परीक्षा घेण्याची सोय आहे, म्हणून इथल्या मुलांचं गाडं अडत नाही. परदेशातल्या शाळांची मुलं अडकतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सत्राचा निकाल जानेवारीत येतो. तेव्हा अकरावीसाठी ठाण्यात यायचंच असेल, तर शाळा त्या सत्रात सगळे विषय बसू देते का, हे प्रवेशाआधी लेखी विचारून घ्या.

मेडिकलचा विचार असलेल्या घरांनी तर हा मुद्दा सगळ्यांत वर ठेवावा. महाराष्ट्रातल्या राज्य कोट्याच्या एमबीबीएस जागांसाठी दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या शाळा-कॉलेजातून झालेली असावी लागते. ठराविक सरकारी कर्मचाऱ्यांच्या मुलांना यात सूट आहे, खासगी कंपनीने बाहेर पाठवलेल्यांना नाही. दहावी दुबईत केली की हा दरवाजा बंद होतो. मग अखिल भारतीय कोट्याच्या १५ टक्के जागा, खासगी कॉलेजांतल्या इतर जागा आणि अभिमत विद्यापीठं उरतात, आणि शेवटच्या दोन्हींची फी कित्येक पटींनी जास्त असते. इंजिनिअरिंगचं तसं नाही. तिथे आई किंवा वडील यांपैकी एकाकडे महाराष्ट्राचा अधिवास दाखला असेल तर मूल बाहेर शिकलं तरी प्रवेश नियमावलीतल्या 'टाइप बी' या गटातून महाराष्ट्राचा उमेदवार धरलं जातं. परदेशी निघण्याआधीच हा दाखला काढून ठेवा. वास्तव्याचे पुरावे इथे असताना सहज जमतात, पाच वर्षांनी परत आल्यावर वीजबिलं शोधत बसावं लागतं. प्रवेशाची नियमावली दरवर्षी नव्याने निघते, म्हणून मूल आठवीत असताना आणि पुन्हा दहावीत असताना ती स्वतः वाचा.

बोर्ड

तीन वर्षांच्या आत परत यायची खात्री असेल आणि मूल पाचवीच्या पुढे असेल, तर परदेशातली सीबीएसई शाळा हा सर्वांत सरळ पर्याय. आखाती देशांत आणि सिंगापूरमध्ये अशा शाळा आहेत, त्यांचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, पुस्तकं एनसीईआरटीची असतात आणि फी इतर इंटरनॅशनल शाळांपेक्षा बरीच कमी असते. वर्ग मात्र मोठे असतात आणि जागांसाठी रांग असते.

परत यायचं नक्की नसेल, किंवा पुढे तिसऱ्या देशात जायची शक्यता असेल, तर ब्रिटिश किंवा आयबी. ब्रिटिश पद्धतीत दर वर्षाला काय यायला हवं ते स्पष्ट असतं. आपल्याकडून गेलेल्या मुलाला ती लवकर अंगवळणी पडते. आयबीचा प्राथमिक टप्पा, पीवायपी, विषयांऐवजी प्रश्न आणि प्रकल्प यांच्याभोवती फिरतो. मुलांना तो आवडतो, पण त्यात गणिताचा सराव शाळेगणिक फार कमी-जास्त असतो. पीवायपी शाळा घेतली तर घरी आठवड्यातून तीन-चार दिवस गणिताची उजळणी चालू ठेवा, नाहीतर सातवीत परत आल्यावर अपूर्णांक आणि बीजगणित एकदम अंगावर येतं.

आयबी डिप्लोमात सहा विषय, त्यांपैकी साधारण तीन उच्च पातळीवर, शिवाय ४,००० शब्दांपर्यंतचा एक्स्टेंडेड एसे, ज्ञानमीमांसेचा विषय आणि उपक्रम. कमाल गुण ४५, डिप्लोमा मिळण्यासाठी किमान २४. इथे भारतीय पालकांची जी गफलत होते ती विषयांची. फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायॉलॉजी हे तिन्ही डिप्लोमाच्या नेहमीच्या चौकटीत बसत नाहीत. नियमित डिप्लोमात दोनच विज्ञान विषय घेता येतात. नीटसाठी तिन्ही लागतात. त्यासाठी शाळेला आयबीकडे विशेष परवानगी मागावी लागते आणि ती परवानगी डिप्लोमा सुरू होण्याच्या आधीच मार्गी लागायला हवी. शिवाय डिप्लोमाच्या परीक्षा एप्रिलअखेर ते मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत चालतात आणि नीट नेमकी मेच्या सुरुवातीला असते. इंजिनिअरिंग करायचं असेल तर गणिताचे दोन प्रकार आहेत, त्यांपैकी 'ॲनालिसिस अँड ॲप्रोचेस' उच्च पातळीवर घ्यावं; दुसरा प्रकार, 'ॲप्लिकेशन्स अँड इंटरप्रिटेशन', कित्येक विद्यापीठं इंजिनिअरिंगसाठी मान्य करत नाहीत. भारतात परदेशी बोर्डाची बारावी समकक्ष ठरवण्याचं काम असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीज करते, त्यांच्या अटींशी विषय ताडून बघा.

अमेरिकन पद्धतीच्या शाळा उत्तम असू शकतात, पण नुसता हायस्कूल डिप्लोमा भारतात पुरेसा धरला जाईलच असं नाही. एपीचे, म्हणजे ॲडव्हान्स्ड प्लेसमेंटचे (कॉलेजच्या पातळीचे) विषय किती आणि कोणते, ते विचारा. स्थानिक सरकारी शाळा लहान मुलासाठी जरूर बघाव्यात, विशेषतः युरोपात. नेदरलँड्समध्ये तर सरकारी अनुदानावर चालणाऱ्या इंटरनॅशनल शाळा आहेत, तात्पुरत्या नोकरीवर आलेल्यांच्या मुलांना तिथे खासगी शाळेच्या मानाने फारच कमी फीत शिकता येतं. सिंगापूरमध्ये सरकारी शाळेसाठी परदेशी मुलांना सहसा एईआयएस ही परीक्षा द्यावी लागते, आणि पास होऊनही जागा मिळेलच असं नाही.

मूल कुठल्या वर्गात बसेल

ब्रिटिश शाळेत 'इयर' चा आकडा आपल्या इयत्तेपेक्षा एकाने पुढे असतो. आपली पहिली म्हणजे त्यांचं इयर २, आपली दहावी म्हणजे इयर ११. पण प्रवेश आकड्यावर नाही, वयावर होतो आणि तिथे ३१ ऑगस्ट ही तारीख धरली जाते. आपल्याकडे पहिलीसाठी ३१ डिसेंबरला सहा पूर्ण, असा हिशोब आहे.

प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. दोन मुलं जून २०२६ मध्ये ठाण्याच्या एकाच शाळेत पाचवीत जाणार आहेत. एक मार्च २०१६ चा, दुसरी नोव्हेंबर २०१६ ची. सप्टेंबरमध्ये ब्रिटिश शाळेत गेल्यावर मार्चच्या मुलाला ३१ ऑगस्टला दहा पूर्ण, म्हणून इयर ६, म्हणजे आपली पाचवीच. नोव्हेंबरच्या मुलीला नऊ पूर्ण, म्हणून इयर ५, म्हणजे आपली चौथी. ती एक इयत्ता मागे गेली. मूल कच्चं ठरलं असा याचा अर्थ नाही, फक्त तारखेची रेघ बदलली. तिसरीच्या आतल्या मुलाबाबत ही रेघ मुकाट्याने मान्य करावी, त्याला एक वर्ष जास्त मिळणं चांगलंच. मूल सहावी-सातवीत असेल आणि नववी-दहावी इथे करायची असेल, तर मात्र शाळेला मागच्या दोन वर्षांच्या गुणपत्रिका दाखवून वरच्या वर्गाची लेखी विनंती करा. काही शाळा चाचणी घेऊन मान्य करतात. सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये जन्मलेल्या मुलांच्या पालकांनी हे गणित सगळ्यांत आधी मांडावं.

वर्ष मध्येच बदललं तर काय? आपल्याकडे एप्रिलमध्ये परीक्षा संपवून निघालं आणि तिकडचं वर्ष ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होत असेल, तर उरलेल्या सत्रासाठी घाईने पैसे भरू नका. एकच अपवाद आहे: मुलाला इंग्रजी बोलायची सवय नसेल तर ते सत्र मित्र जोडायला आणि भाषा कानावर पडायला फार उपयोगी पडतं.

शाळा खरी आहे का, चांगली आहे का

'इंटरनॅशनल' हा शब्द पाटीवर लावायला बऱ्याच देशांत कुणाची परवानगी लागत नाही. आयबी आणि केंब्रिज या दोघांच्याही संकेतस्थळांवर शाळा शोधता येतात. तिथे नाव नसेल तर विषय संपला. आयबीच्या यादीत 'कँडिडेट' लिहिलं असेल तर शाळेला मान्यता अजून मिळालेली नाही. पीवायपीची मान्यता आहे म्हणजे डिप्लोमाचीही आहे असं नसतं, प्रत्येक टप्पा वेगळा तपासा. सीबीएसईच्या परदेशी शाळेचा संलग्नता क्रमांक मागून बोर्डाच्या संकेतस्थळावर पडताळा, दहावीपर्यंतच आहे की बारावीपर्यंत तेही बघा.

मग तिथल्या सरकारी नियामकाकडे वळा. दुबईत केएचडीए, अबुधाबीत एडेक. केएचडीएच्या तपासणी अहवालांत शाळांना 'आउटस्टँडिंग' पासून 'व्हेरी वीक' पर्यंत श्रेणी दिलेली असते आणि मंजूर फीही तिथेच जाहीर असते. अहवाल वाचताना वरची श्रेणी बघून थांबू नका. आधी तो कुठल्या वर्षाचा आहे ते पाहा. मग तुमच्या मुलाच्या टप्प्याचा रकाना शोधा, कारण बालवाडी उत्तम आणि माध्यमिक जेमतेम अशा शाळा पुष्कळ असतात. भाषा, गणित आणि विज्ञान यांतली मुलांची प्रगती स्वतंत्र दिलेली असते. नोंदी लिहून ठेवा आणि भेटीत नेमकं त्यावरच विचारा. सिंगापूरमध्ये खासगी शाळांची नोंदणी कमिटी फॉर प्रायव्हेट एज्युकेशनकडे असते.

निकालाचे आकडे मागताना 'सर्वाधिक गुण' ऐकून घेऊ नका. डिप्लोमाला किती मुलं बसली, त्यांची सरासरी किती आणि अकरावीला सुरू केलेल्यांपैकी किती जण शेवटपर्यंत टिकले, हे तीन आकडे हवेत. जगाची सरासरी ३० च्या आसपास असते. सरासरी ३६ सांगणाऱ्या शाळेने कमकुवत मुलांना आधीच दुसऱ्या अभ्यासक्रमाकडे वळवलं असेल, तर तो आकडा तुमच्या मुलाबद्दल काहीच सांगत नाही.

शाळेच्या ऑनलाइन भेटीत हे प्रश्न जरूर विचारा: गेल्या वर्षी किती शिक्षक सोडून गेले, एका वर्गात प्रत्यक्षात किती मुलं आहेत, एकाच देशाची किती, इंग्रजीचा आधार लागणाऱ्या मुलाला आठवड्याला किती तास वेगळे मिळतात आणि त्याचे पैसे वेगळे का. पाचपैकी दोन शिक्षक दरवर्षी बदलत असतील तर इमारत कितीही चकचकीत असू दे, पुढची शाळा बघा.

फी: ब्रोशरवरचा आकडा पुरेसा नाही

समजा शिकवणी फी वर्षाला ४५,००० दिरहम सांगितली. त्यात बस ७,०००, गणवेश-पुस्तकं ३,०००, टॅब किंवा लॅपटॉप २,५००, सहली-उपक्रम-परीक्षा ३,५०० धरा. झाले ६१,०००, म्हणजे सांगितलेल्या फीच्या एक तृतीयांशाहून थोडं जास्तच वर. इतर देशांत अर्जाचे पैसे, प्रवेशशुल्क, परत न मिळणारी इमारत निधीची रक्कम असे आणखी रकाने असतात. सिंगापूरमध्ये शाळेच्या फीवर ९ टक्के जीएसटी लागतो, आणि ब्रिटनमध्ये जानेवारी २०२५ पासून खासगी शाळांवर २० टक्के व्हॅट. पुढच्या इयत्तांची फी चढत जाते, म्हणून तीन वर्षांचा तक्ता मागा.

कंपनीच्या पत्रात 'एज्युकेशन अलाउन्स' असेल तर चार गोष्टी एचआरकडून ईमेलवर घ्या: दर मुलामागे मर्यादा किती, बस आणि प्रवेशशुल्क त्यात येतं का, कंपनी शाळेला थेट भरते की तुम्ही आधी भरायचे, आणि प्रोजेक्ट मध्येच संपला तर भरलेली फी कुणाच्या डोक्यावर. शेवटचा मुद्दा सगळ्यांत महाग पडतो. कित्येक शाळा सोडण्याआधी पूर्ण एका सत्राची नोटीस मागतात, आणि ती दिली नाही तर त्या सत्राची फी किंवा अनामत जाते. करारावर सही करण्याआधी परताव्याचं पान वाचा आणि 'नोकरीमुळे देश सोडावा लागल्यास' अशी सवलत आहे का ते विचारा.

कागदपत्रं: निघण्याआधी आठ आठवडे

अर्जासाठी शाळा सोडल्याचा दाखला लागत नाही. बोनाफाइड, मागच्या दोन वर्षांच्या गुणपत्रिका, पासपोर्ट, जन्मदाखला आणि लसीकरणाची नोंद एवढ्यावर काम होतं. दाखला एकदा काढला की इथली जागा गेली, म्हणून तिकडचं ऑफर लेटर आणि व्हिसा मार्गी लागेपर्यंत तो काढू नका.

दाखला निघाल्यावर त्यावर शिक्षणाधिकाऱ्यांचं प्रतिहस्ताक्षर घ्यावं लागतं. ठाणे, वाशी, नेरुळ, ऐरोलीच्या शाळा ठाणे जिल्ह्यात येतात. खारघर, कामोठे, पनवेल मात्र रायगड जिल्ह्यात, म्हणजे जिल्हा परिषद अलिबागला. नवी मुंबईचा पत्ता आहे म्हणून ठाण्याला जाऊन हात हलवत परत येऊ नका. पुढे राज्य शासनाचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालय. सिंगापूर, ओमान, बहारीन, सौदी अरेबिया, नेदरलँड्स यांसारख्या हेग करारातल्या देशांसाठी अपोस्टिल, म्हणजे या देशांत चालणारा परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, पुरतं. यूएईसाठी त्यापुढे त्यांच्या दूतावासाचा शिक्का आणि तिकडे पोहोचल्यावर तिथल्या परराष्ट्र खात्याचाही शिक्का लागतो. दाखला मराठीत असेल तर इंग्रजी प्रत शाळेकडूनच मागा.

नाव हा नेहमीचा अडथळा. शाळेच्या रजिस्टरला आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, जन्मदाखल्यावर वडिलांचं नावच नाही किंवा मुलाच्या नावाची जागा कोरी. हे सगळे कागद शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा. जन्मदाखल्यावर नाव घालायचं असेल तर महापालिकेकडे लगेच अर्ज करा. दुरुस्ती झाल्याशिवाय एकाही कागदावर शिक्का मारून घेऊ नका, पैसे दोनदा जातील.

लसीकरणात एक बारीक गोष्ट. आपल्या सरकारी वेळापत्रकात गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिन्यांनंतर दिला जातो; कित्येक देश बारा महिन्यांआधीचा डोस मोजत नाहीत. कांजिण्यांची लस सरकारी वेळापत्रकात नाही, पण काही शाळा मागतात. बालरोगतज्ज्ञांकडून तारखांसह सही-शिक्क्याचा इंग्रजी तक्ता घ्या आणि राहिलेले डोस इथेच द्या.

मुलाला वाचन-लेखनात किंवा एकाग्रतेत अडचण असेल आणि तपासणी झाली असेल, तर तो अहवाल लपवू नका. प्रवेश नाकारतील ही भीती समजण्यासारखी आहे, पण प्रवेशानंतर कळलं तर मदतही मिळत नाही आणि करारही मोडू शकतो. ज्या शाळेला तो अहवाल नको आहे, ती शाळा तुमच्या मुलासाठी नाहीच.

चाचणी

बऱ्याच शाळा प्रवेशाआधी कॅट४ किंवा मॅप नावाची चाचणी घेतात. कॅट४ मध्ये शब्द, आकडे, आकृत्या आणि अवकाशीय विचार असे चार भाग असतात, पाठांतराचा उपयोग नाही. स्क्रीनवर अशा आकृत्या एक-दोनदा दाखवून ठेवल्या की मूल बिचकत नाही, तेवढीच तयारी पुरे. सेमी-इंग्रजीतल्या मुलाचं गणित सहसा उत्तम असतं. अडतं ते इंग्रजीतून उत्तर सांगताना. निघेपर्यंत रोज वीस मिनिटं त्याच्याकडून एखादं चित्र, एखादं गणित इंग्रजीत समजावून घ्या. चुका मध्येच सुधारू नका, बोलू द्या.

बस, घर आणि मराठी

शाळा नक्की झाल्यावर बसचा नकाशा मागा आणि त्या मार्गावर घर शोधा. एका बाजूचा प्रवास पाऊण तासाच्या आत असावा. प्राथमिकच्या मुलासाठी अर्धा तास. आखाती देशांत उन्हाळ्यात थांबा दारापासून किती लांब आहे, हेही विचारा.

परत यायचं असेल तर मराठी सोडू नका. २०२० च्या कायद्यानुसार महाराष्ट्रातल्या सर्व बोर्डांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी शिकवणं सक्तीचं आहे. चार वर्षांनी सातवीत आलेल्या मुलाला 'बोलता येतं' एवढ्यावर भागत नाही, जोडाक्षरं वाचता-लिहिता यावी लागतात. महाराष्ट्र मंडळं असलेल्या शहरांत शनिवार-रविवारी मराठी शाळा भरतात. उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या शाळा नियमित अभ्यासक्रमानुसार चालतात. जिथे काही नाही तिथे बालभारतीची पुस्तकं सोबत न्या, ती संकेतस्थळावरही मिळतात. आठवड्यातून दोनदा अर्धा तास श्रुतलेखन घ्या.

परत निघताना

शेवटच्या महिन्यात शाळेकडून ट्रान्सफर सर्टिफिकेट, प्रत्येक वर्षाच्या गुणपत्रिका, गुण श्रेणींत असतील तर टक्केवारीचा तक्ता आणि अभ्यासक्रम कुठल्या बोर्डाचा आहे असं लेटरहेडवरचं पत्र घ्या. त्यावर तिथल्या शिक्षण खात्याची सही आणि गरजेप्रमाणे अपोस्टिल किंवा भारतीय दूतावासाचा शिक्का तिथे असतानाच करून घ्या. देश सोडल्यावर हे काम एजंटकडून करावं लागतं आणि महिने जातात. जाताना इथल्या शाळेकडून घेतलेला मुलाचा पेन (कायमस्वरूपी शैक्षणिक क्रमांक) जपून ठेवलेला असेल, तर ठाण्यातल्या नव्या शाळेला त्याची जुनी नोंद यू-डायस या सरकारी शालेय नोंदप्रणालीवर शोधता येते.